डावीकडचा रंग

जुनी गाडी विकायला आलेला माणूस पहिली दहा मिनिटं खोटं बोलतो. तो वाईट असतो म्हणून नव्हे, त्याला स्वतःलाच ते खरं वाटत असतं. "गाडी एकदम मख्खन आहे. फक्त मिसेस चालवायच्या, त्याही भाजी आणायला." हे तो माझ्यासमोर म्हणतो आणि मग गडबडतो, कारण गाडीखाली पाठीवर झोपून टॉर्च मारणारीही बाईच असते. एकोणीस वर्षं मी हे काम करते आहे. यार्डात आलेली गाडी तपासायची, कागद भरायचा आणि खाली आकडा लिहायचा. लिहिलेला आकडा हलत नाही, म्हणून यार्डात सगळे मला 'काटा' म्हणतात. मॅडम वगैरे फक्त गिऱ्हाइकं म्हणतात, तेही आकडा ऐकेपर्यंतच.

आकडा ऐकला की प्रत्येकाचा प्रश्न ठरलेला. शेजाऱ्याची गाडीही तेवढीच जुनी होती, त्याला इतके मिळाले, मग माझीच एवढी का पडली? पूर्वी मी चहा पाजून समजावून सांगायचे, आता उभ्याउभ्या सांगते. तुमच्या गाडीची कंपनी गाशा गुंडाळून गेली, आता तिच्या दाराची साधी मूठ मिळत नाही, मग इंजिन सोन्याचं असलं तरी कोण घेणार? तुम्हाला पोपटी रंग आवडला, ठीक आहे, आता पोपटी आवडणारा दुसरा शोधायचा तो मी? तुम्ही काचा बंद करून सहा वर्षं सिगारेटी ओढल्यात. तुम्ही किलोमीटरचा आकडा मागे फिरवून आणलात, पण ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून खालचा पत्रा दिसतोय ते तुमच्या लक्षात राहिलं नाही.

पण सगळ्यात जास्त किंमत खातो तो नवा रंग. लोकांना वाटतं ओरखडा दिसला की किंमत पडते, म्हणून विकायच्या आधी गाडी चकचकीत रंगवून आणतात. ओरखड्याचं मी फारसं काही कापत नाही. रंगवलेल्या पत्र्याचं मात्र कापावंच लागतं, कारण त्याच्याखाली काय झालं होतं ते कुणीच सांगत नाही आणि घेणारा सगळ्यात वाईट तेच धरून चालतो. माझ्याकडे तळहाताएवढं एक यंत्र आहे. पत्र्याला टेकवलं की रंगाची जाडी दाखवतं. कारखान्यातला रंग असला तर शंभर ते एकशेतीस. वरून रंगवला असला तर अडीचशे, तीनशे. आत पुट्टी भरलेली असली तर सहाशेच्या पुढे. यंत्राला मिसेस कळत नाहीत आणि भाजीही कळत नाही.

हा काट्याचा गुण माझ्यात वडिलांकडून आला. बाबा वजनमापं तपासणारे इन्स्पेक्टर होते. एकतीस वर्षं बाजारात फिरून त्यांनी दुकानदारांची मापं तपासली, आणि त्यांची सायकल कोपऱ्यावर दिसली की अर्ध्या दुकानदारांना एकदम जेवायची आठवण व्हायची. घरात मी जेवताना त्यांच्या धाडी ऐकत मोठी झाले. एका धान्याच्या दुकानदाराकडे दोन मापं होती, माल घ्यायचं जड आणि माल द्यायचं हलकं. बाबांनी पहिलं माप बघितलं, ते ठीक निघालं. मग ते तिथेच स्टुलावर बसले आणि म्हणाले, "आता दुसरं काढा." दुकानदार रडकुंडीला आला. "दुसरं माप कधी लांब नसतं," बाबा भाताचा घास घेत आम्हाला सांगायचे. "हात पोचेल तिथेच असतं. गल्ल्याखाली, नाहीतर बसायच्या गादीखाली." मग ते माप जप्त व्हायचं आणि दुकानदाराला रीतसर पावती मिळायची. पावतीशिवाय बाबांनी कधी काही उचललं नाही.

त्या शुक्रवारी दुपारी आईचा फोन आला.

"यांची गाडी बघशील का गं? विकायला तयार झालेत."

"कशाने?"

"मी मागे लागले म्हणून. पण अट घातलीय. पाच लाखाच्या खाली एक पैसा कमी घेणार नाही म्हणे. पाच आले तर त्याच दिवशी किल्ली देतो आणि पुन्हा स्टिअरिंगला हात लावत नाही. नाही आले तर तो विषय घरात काढायचा नाही."

"पाच कुठून काढलं?"

"तुझ्या त्या पोस्टमास्तर काकांना मिळाले ना गेल्या महिन्यात. तीच गाडी, तेच वर्ष. हे म्हणतात, पोस्टमास्तर चिखलाचे बूट घालून गाडीत बसतो, त्याला पाच आणि मला कमी? तू तेवढं जमव."

"आई, मी घरच्यांच्या गाडीचा आकडा करत नाही. तुला माहितीय."

ती म्हणाली, "मी चार महिने त्यांच्या गाडीत बसलेली नाही. गुडघे दुखतात असं सांगते." आणि तिने फोन ठेवला.

मी त्या वाक्यावर तेव्हाच थांबायला हवं होतं. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. नवरा बाहेरगावी कामाला असतो आणि मी सहाला सुटते, म्हणून रोज चार वाजता बाबा गाडी घेऊन तिच्या शाळेच्या फाटकापाशी जातात आणि तिला आपल्या घरी नेतात. रोज संध्याकाळी तिला घ्यायला गेले की माझी स्कूटर मी बाबांच्या गाडीला खेटून लावते. दिवसभर लोकांच्या गाड्यांचे पत्रे मी डोळ्यांत तेल घालून बघते, आणि त्या गाडीकडे मी वर्षभरात एकदाही नीट बघितलेलं नव्हतं. घरच्यांच्या गाडीचा आकडा करायचा नाही, असा नियम केला होता ना.

मी नियम बाजूला ठेवून आईला हो कळवलं आणि शनिवारी सकाळी बाबा गाडी घेऊन यार्डात आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. गाडी आठ वर्षांची, राखाडी, आणि लांबून बघावं तर शोरूममधून आत्ताच आणल्यासारखी. आमचे मालक स्वतः बाहेर आले, त्यांना ऑफिसात घेऊन गेले आणि चहा मागवला. मी यंत्र घेतलं आणि कागद अडकवायची पाटी.

आमच्या कागदावर गाडीचं चित्र असतं, चारी बाजूंनी, प्रत्येक पत्र्याचा एक चौकोन. मी नेहमीसारखी पुढून सुरुवात केली. बॉनेट एकशेअठरा. छत एकशेबारा. उजवीकडचं पुढचं दार एकशेवीस, मागचं एकशेपंधरा. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. आठ वर्षांत या गाडीला कुणाचा हात लागलेला नाही, पाच काय, पाच-वीसही लिहिता येतील, असा हिशेब माझ्या डोक्यात चालू होता. मग मी डाव्या बाजूला गेले.

पुढचा मडगार्ड सहाशेचाळीस. मला वाटलं यंत्र नीट टेकलं नाही. पुन्हा टेकवलं, सहाशेपन्नास. पुढचं दार तीनशेदहा. मागचं दार आठशेऐंशी. त्याच्या मागचा पत्रा दोनशेनव्वद. मी मडगार्डच्या आतले बोल्ट बघितले, त्यांच्या डोक्यावर पाना फिरल्याच्या खुणा होत्या. दाराच्या रबराच्या कडेला दोऱ्याएवढी राखाडी रेघ होती, रंगवताना झाकायचा कागद सरकला की राहते तशी. मग काचेचा कोपरा बघितला. गाडीच्या प्रत्येक काचेवर ती कुठल्या वर्षाची ते बारीक अक्षरात असतं. सगळ्या काचा आठ वर्षांच्या होत्या. डावीकडच्या मागच्या दाराची काच गेल्या वर्षीची होती.

त्या दाराशी माझी मुलगी बसते.

"ताई, डाव्या अंगाला बरंच काम झालंय की," आमचा मेकॅनिक माझ्या खांद्यावरून बघत म्हणाला. त्याला सगळे 'पाना' म्हणतात. "चांगल्या पेंटरने केलंय, पण एका वेळचं नाही. तीन वेगवेगळे हात दिसतायत. कुणाची गाडी?"

"माझ्या वडिलांची."

त्याने खिशातलं फडकं काढलं आणि मुळात स्वच्छ असलेला एक पाना पुसत बसला.

मी आत बसले. मागच्या सीटवर काहीच नव्हतं. पुढच्या डावीकडच्या सीटवर मात्र एक जाड उशी होती, बसणाऱ्याला उंच करायला ठेवतात तशी, म्हणजे मुलगी पुढे बसत होती. समोरच्या खणात बाबांची वही होती. किती पेट्रोल भरलं, कधी तेल बदललं, टायरमध्ये हवा किती, सगळं तारखेसकट. रंगकामाची मात्र एकही नोंद नव्हती. दोन लिटर पेट्रोल लिहिणाऱ्या माणसाने तीन वेळा गाडी रंगवून आणली आणि वहीत त्याचा उल्लेख नाही. वहीच्या शेवटच्या पानांवर नुसते आकडे होते, शाळा असेल त्या प्रत्येक दिवसाचे. अठरा, साडेसतरा, वीस, एकोणीस. ते कसले, ते मला कळेना.

मी ऑफिसात गेले तेव्हा बाबा मालकांना दोन मापांची गोष्ट सांगत होते.

"झाला आकडा?" त्यांनी विचारलं.

"उद्या. इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करून बघावं लागतं. गाडी आज इथेच राहू दे."

हे खरं आहे, तसं बघतातही. पण मी ते वेळ काढायला सांगितलं आणि ते त्यांच्या लक्षात आलं की नाही, मला समजलं नाही. पाना त्यांना मोटरसायकलवरून घरी सोडून आला.

संध्याकाळी मुलगी टेबलावर नकाशा रंगवत बसली होती. मी तिच्यासमोर भाजी निवडायला घेऊन बसले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आजोबांच्या वहीत तुझे गुण लिहिलेत का गं?"

"तू वही बघितलीस?" ती खूश झाली. "वीस म्हणजे पैकीच्या पैकी. तो आमचा खेळ आहे. उजवीकडचं आजोबा बघतात, डावीकडचं मी. सायकल आली की सायकल म्हणायचं, माणूस आला की माणूस, काही नसलं की मोकळं. वेळेवर सांगितलं की एक गुण. उशिरा सांगितलं तर अर्धा."

हातातली शेंग मी तशीच धरून ठेवली. "आणि सांगायचंच राहिलं तर?"

तिने रंगवायचं थांबवलं. "एकदाच राहिलं. मी पुस्तक वाचत होते. खांब होता. मागची काच फुटली, पण मी पुढे बसलेले ना, मला काहीच लागलं नाही. आजोबा थोडेसे रडले."

"मग शून्य दिला तुला?"

"नाही. ते म्हणाले, शून्य त्यांना." मग तिने आवाज बारीक केला. "पण राहिलं तर माझंच होतं ना, आई?"

"नाही," मी म्हणाले. "तुझं नव्हतं."

ती झोपायला गेल्यावर मला एवढा राग आला की मी स्वयंपाकघराचा ओटा तीनदा पुसला. बाबांचा डावा डोळा गेलेला आहे किंवा जातो आहे, आणि ही गोष्ट एका नऊ वर्षांच्या पोरीला कळते, आईला कळते, तीन पेंटरांना कळते, आणि मला गाडीच्या पत्र्यावरून कळते. वर त्या पोरीला वाटतंय की खांब तिच्यामुळे लागला. उठावं, जावं आणि किल्ली हिसकावून घ्यावी असं मनात आलं. पण किल्ली यार्डातच होती आणि दुसरी किल्ली बाबांच्या कपाटात. मी आरडाओरडा केला असता तर त्यांनी मान हलवली असती आणि सोमवारी चार वाजायच्या आधी येऊन गाडी मागितली असती. त्यांना मी ओळखते. ते शब्द मात्र मोडत नाहीत. पाच आले तर स्टिअरिंगला हात लावत नाही, असं ते म्हणाले होते. आणि त्या डाव्या बाजूसकट गाडीची खरी किंमत होती तीन साठ. खरा आकडा लिहिला तर बाबा पुन्हा गाडी चालवणार होते. ती थांबणार होती फक्त खोट्या आकड्याने.

रविवारी सकाळी यार्ड उघडायच्या आधी मी मालकांना गाठलं. सगळं सांगितलं नाही, डोळ्यांपुरतं सांगितलं.

"पाचाला घ्या. वरचे एक चाळीस माझ्या पगारातून दर महिन्याला कापा."

"काटा, तू?" मालकांनी चष्मा कपाळावर चढवला. "तू मला आकडा वाढवायला सांगतेस? लोक इथे देवापुढे जोडावेत तसे हात जोडतात तेव्हा तू शंभर वाढवत नाहीस."

"हो किंवा नाही ते सांगा."

"हो की. पण कागदाचं काय? पाचाचा कागद त्यांना दाखवणार. उद्या गाडी घ्यायला येणाऱ्यालाही तोच दाखवू?"

"त्याला खरा दाखवायचा. तो वेगळा करते."

"म्हणजे दोन."

"दोन," मी म्हणाले. मालक शटर उघडायला गेले.

खरा कागद मी दहा मिनिटांत भरला. खोटा भरायला पाऊण तास लागला. डावीकडच्या चार चौकोनांत 'मूळ रंग' असं लिहायचं होतं, एवढंच काम. एकोणीस वर्षांत कितीतरी माणसं माझ्यासमोर रडली, चिडली, एकाने तर माझा टॉर्च फेकून दिला, पण हे दोन शब्द मी कधी खोटे लिहिले नव्हते. लिहून झाल्यावर मला आपण काय केलं त्याची लाज वाटली आणि तरी मी सही केली. खरा कागद मी टेबलाच्या खणात ठेवला.

अकरा वाजता बाबा बसने आले. मी कागद पुढे केला. त्यांनी खिशातून भिंग काढलं, मापांवरचे शिक्के वाचायला नोकरीत वापरायचे तेच. कागद त्यांनी हाताने उजवीकडे सरकवून घेतला आणि मग वाचायला लागले. असा ते किती दिवस सरकवत असतील कोण जाणे, मी पहिल्यांदाच बघितलं.

"पाच," ते म्हणाले.

"पाच."

"डावीकडच्या सगळ्या चौकोनांत मूळ रंग लिहिलंयस."

"हो."

"यंत्र बिघडलंय का तुझं?"

"नाही."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. बाहेर पाना एका गाडीचा हॉर्न तपासत होता, तो दोनदा वाजला. बाबा खुर्चीत मागे टेकून बसले. मला वाटलं, आता किल्ली देतील, हात झटकतील आणि झालं.

"आता दुसरा काढ," ते म्हणाले.

"काय दुसरा?"

"दुसरा कागद. लांब नसेल."

मी खण उघडला. बाजारातल्या त्या धान्यवाल्याची काय अवस्था झाली असेल ते मला त्या क्षणी बरोबर कळलं. खरा कागद मी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तोही उजवीकडे सरकवला आणि प्रत्येक चौकोनावर बोट ठेवत वाचला. मडगार्ड, पुट्टी. पुढचं दार, रंग. मागचं दार, पुट्टी आणि रंग. त्यामागचा पत्रा, रंग. काच बदललेली. खाली तीन साठ.

"मागच्या दाराला एकदाच लिहिलंयस," ते म्हणाले. "दोनदा झालंय. आधी सोसायटीचं फाटक, मग खांब."

"पुट्टीवर पुट्टी असली की यंत्राला एकच कळते."

"म्हणून माणसाने सांगायचं असतं." त्यांनी खिशाचं पेन काढून त्या चौकोनात 'दोन वेळा' असं लिहिलं, अक्षर अजूनही छापल्यासारखं. "आता आकडा?"

"साडेतीन."

"बरोबर आहे."

तेव्हा माझा तोल गेला. "काय बरोबर आहे? डोळ्याचं तुम्हाला कधीपासून माहितीय?"

"डॉक्टरांनी सांगून आठ महिने झाले. कडेचं दिसत नाही. वाढत जाणार म्हणाले."

"आठ महिने! आणि आठ महिने तुम्ही माझ्या पोरीला त्या सीटवर बसवून फिरवताय? तिला काय वाटतंय माहितीय? खांब आपल्यामुळे लागला असं वाटतंय तिला, बाबा. नऊ वर्षांची आहे ती!" माझा आवाज चढला होता, पाना काचेतून आत बघत होता. मी बघू दिलं.

बाबा टेबलावरच्या दोन कागदांकडे बघत होते.

"चार वाजता शाळा सुटते," ते म्हणाले. "सगळी पोरं एकदम बाहेर येतात. ती पायरीवर थांबते आणि मला शोधते. दिवसभरात मला शोधणारं तेवढं एकच माणूस आहे. तेवढ्यासाठी केलं. चूक केली."

राग अजून होता, पण तो धरायला जागा राहिली नव्हती.

"तिला मी सांगेन," ते म्हणाले. "खांब माझा होता म्हणून. आजच सांगतो." मग त्यांनी खोटा कागद उचलला. "एकतीस वर्षं मी लोकांची खोटी मापं पकडली. पण कुणाला खोटं माप करायला लावलं नव्हतं. तुला लावलं. हे त्या खांबापेक्षा वाईट झालं." कागदाची चार घड्यांची पट्टी करून त्यांनी ती शर्टाच्या खिशात घातली. "हा जप्त."

"पावती?" मी म्हणाले.

"घरी देतो."

खऱ्या कागदावर त्यांनी सही केली, विकणाऱ्याच्या जागी, तारखेसकट. मग खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. कपाटातली ती दुसरी किल्ली ते सकाळीच खिशात घालून आले होते.

मालकांनी साडेतीनचा चेक लिहिला आणि पहिल्यांदाच गिऱ्हाइकाशी घासाघीस केली नाही. बाबा गाडीपाशी गेले. वही घेतली, पुढच्या सीटवरची उशी काढून काखेत धरली. गाडीवरून हात वगैरे फिरवला नाही. दार मात्र त्यांनी दोनदा लावलं, पहिल्यांदा नीट लागलं नव्हतं.

"उद्या शाळेत कोण जाणार?" मी विचारलं.

"मी. पायी. सव्वीस मिनिटं लागतात. काल संध्याकाळी चालून बघितलं."

"येताना तिच्या पायाने पस्तीस लागतील."

"लागू देत."

त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायला मी निघाले. यार्डाच्या फाटकाबाहेर रस्ता ओलांडावा लागतो, रविवारची वर्दळ होती. मी नेहमीच्या सवयीने त्यांच्या उजवीकडे चालत होते. मध्येच लक्षात आलं आणि मागून वळसा घालून डावीकडे गेले. तेवढ्यात एक सायकल त्यांच्या बाहीला घासून सर्रकन निघून गेली. ते दचकले. काखेतली उशी खाली पडली.

"सायकल," मी म्हणाले.

बाबांनी वाकून उशी उचलली, तिची धूळ झटकली आणि दुसरा हात माझ्या हातात दिला.

"उशिरा सांगितलंस," ते म्हणाले. "अर्धा गुण."